मोरीच्या पाण्यावरची बडीशेप

बायांनो, हिरवं दिसलं की दुष्काळ संपतो का? मला खरंच सांगा.

आज सकाळी मोरीजवळची बडीशेप काढत होते. दाणे भरलेले गुच्छ तेवढे कापायचे न् सावलीत वाळवायचे. दहाच झाडं हायेत, भांडे धुतलेल्या पाण्यावर जगवलेली.

तेवढ्यात सहकारी साखर कारखान्याचे एक संचालक आले. कारखान्याचा टँकर कोणत्या वस्तीला द्यायचा, ते बघत फिरत होते. मी खुर्ची दिली, चहा केला. चहा झाल्यावर त्यांनी सुपातली ओली बडीशेप मूठभर तोंडात टाकली, झाडांकडं बघितलं न् म्हणले, "वैनी, तुमच्याकडं तर लई पाणी दिसतंय. टँकर कावून पाहिजे?"

न् यादीतून आमची वस्ती खोडली बी!

माझं डोकंच फिरलं. मोरीखालची बादली उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. वर भाताची शितं तरंगत होती. "हेच ते पाणी. प्या आता."

ते उठून गाडीत बसले. तोंडातली बडीशेप मात्र चघळतच होते.

आता आमी तहानलेले दिसावं म्हणून ही दहा झाडं बी उपटून टाकू का?