हवा बरोबर होती

श्रीवर्धनच्या सरकारी दवाखान्यात कुणी मोटारसायकलवरून पडून आला, की नलूताई जखम धुता धुता पहिला प्रश्न विचारायच्या, "टायरात हवा किती व्हती?" नाव, गाव, वय हे सगळं नंतर. मीही असाच त्यांच्या तावडीत सापडलो. समुद्राकडच्या रस्त्यावर एका वळणावर वाळू उडून आली होती, तिथे गाडी घसरली आणि माझं कोपर सोलवटलं. मी दात आवळून म्हणालो, "भरपूर होती." त्यांनी बोळा बाजूला ठेवला. "भरपूर म्हंजे किती? वाडीतली सुपारी मोजून देता तुमी लोकं, आन् जिच्यावर जीव टाकून फिरता ती हवा भरपूर!" मग औषध असं काही लावलं, की आकडा पाठ असता तरी मी विसरलो असतो.

नलिनी जाधव त्यांचं नाव. दवाखान्यात परिचारिका, चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक. म्हसळ्याच्या आतल्या गावात घरची भातशेती. आई तिथेच, आणि नलूताई नोकरीच्या गावी खोली घेऊन एकट्या. सुई टोचलेली कळत नाही म्हणून अख्खं श्रीवर्धन त्यांना ओळखायचं. पण सुट्टी मिळाली की घाटावरच्या ट्रॅकवर जाऊन त्या मोटारसायकलच्या हौशी शर्यतीत उतरतात, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. मी ड्रेसिंग बदलायला गेलो तेव्हा टेबलाखाली त्यांचं हेल्मेट दिसलं. तसलं हेल्मेट मी तोवर फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. विचारलं, तर गाडीही माझ्याच मॉडेलची निघाली. "येतोस का?" त्या म्हणाल्या. "वळायचं कसं ते तरी कळंल."

आमच्याकडे हवा भरायची एकच रीत: टायर दगडासारखा लागला पाहिजे. मागे सुपारीचं पोतं बांधून माल न्यायचा, मग हवा कमी कशी चालेल? मी पहिल्यांदा ट्रॅकवर निघालो त्या सकाळी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लेकाचं भलं म्हणून स्वतः पंपावर जाऊन दोन्ही चाकं टम्म भरून आणली. नलूताई टेम्पो घेऊन दारात आल्या, अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि खाली बसून सरळ हवा सोडायला लागल्या. आप्पा धावत आले. "अहो सिस्टर, पोरगा शर्यतीला चाललाय आणि तुम्ही हवा काढताय?"

"आप्पा, पोत्याला ही हवा बराबर हाय. वळणाला न्हाय. टायर जरा जमिनीला टेकाय पायजे, तवाच धरतो."

"आणि नाहीच धरलं तर?"

"तर मी हाय ना टाके घालाय."

आप्पांना हे मुळीच विनोदी वाटलं नाही.

ट्रॅकवर सगळे त्यांच्याकडे हवेचा आकडा मागायला यायचे. त्या कधीही, कुणालाही द्यायच्या नाहीत. "तुजं वजन न बघता गोळी देऊ का? फिरून ये, गाडी काय करते ते सांग." फिरून आलं, की हेल्मेट काढायच्या आत त्यांचं हवा मोजायचं गेज चाकाला. चार फेऱ्यांत टायर तापतो, आतली हवा फुगते, आकडा तीन-चार पॉइंट चढतो. थंड चाकात भरलेला आकडा हा नुसता अंदाज, खरा तो फिरून आल्यावरचा, हे मला त्यांनीच शिकवलं. "फुडलं चाक बाहेर जातंय का मागलं सरकतंय?" मी म्हणायचो, बहुतेक मागचं. "बहुतेक नको. परत जा." बदल एका वेळी एकाच चाकात, आणि तोही एकच पॉइंट. मला याचा भयंकर कंटाळा यायचा. मुंबईची पोरं टायर आधीच तापावेत म्हणून त्यांना विजेवरच्या रजया गुंडाळून मजेत चहा पीत बसलेली, आणि मी आपला पुन्हा उन्हात. "बाळंतिणीसारका शेक चाललाय बग," असं त्या रजयांकडे बघून त्या म्हणायच्या, पण त्यात हेवा अजिबात नसायचा.

त्यांची इच्छा एकच होती आणि ती त्या लपवत नसत. एकदा तरी पहिल्या तिघांत यायचं. पण आईला आताशा एकटं राहवत नव्हतं. त्या हंगामानंतर गाडी विकायची, खोली सोडायची आणि गावाहून ये-जा करायची, हे ठरलं होतं. तेव्हा हंगामातली शेवटची शर्यत ही त्यांची शेवटचीच.

त्या सकाळी सरावात त्या सुरेख चालवत होत्या. आत आल्या, गेज लावलं आणि पुन्हा एकदा लावून पाहिलं. मागच्या चाकातला आकडा चढायच्या ऐवजी उतरला होता. माझं गेज लावलं, तेही तेच सांगत होतं. साबणाचं पाणी टाकल्यावर व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक बुडबुडे आले. आमच्या खाऱ्या हवेने तिथलं रबर चिरलं होतं. नवा व्हॉल्व्ह बसवायचा तर टायर रिंगवरून उतरवावा लागतो, आणि त्याचं यंत्र तिथे नव्हतं. आजूबाजूचे म्हणाले, चार पॉइंट जास्त भरा आणि जा, दहा मिनिटांची तर शर्यत. मीही तेच म्हणालो. "आन् भर वळणात सुटली तर?" नलूताई म्हणाल्या.

मग मी म्हणालो, "माझं चाक घ्या."

"आन् तुजी शर्यत?"

"मी शेवटून दुसरा येतो की तिसरा, याची वाट कोण बघतंय?"

आम्ही दोघांनी चाक बदललं. मग त्या त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि इतक्या दिवसांत कधी केलं नव्हतं ते केलं. "ह्या टायरावर मी कदी बसले न्हाय. तुला ठावं हाय तो. किती भरू, सांग."

मी त्यांच्यापेक्षा चांगलाच जड, म्हणजे माझ्या आकड्याहून कमी. ट्रॅक सकाळपेक्षा तापलेला, म्हणजे आकडा जास्त चढणार, तेव्हा आणखी थोडी कमी. फारच कमी केली तर टायर वळणात लिबलिबणार. बहुतेक म्हणायची सोय नव्हती. "सत्तावीस," मी म्हणालो. त्यांनी सत्तावीस भरली. एक शब्द विचारला नाही.

त्या चौथ्या आल्या. तिसऱ्या गाडीच्या मागे होत्या, पण मधलं अंतर काही मिटलं नाही. त्या आत आल्या तसा मी गेज घेऊन धावलो. त्यांनी ते माझ्या हातून घेतलं, स्वतः लावलं आणि मला दाखवलं. तापलेल्या चाकात त्यांना जो आकडा लागायचा, नेमका तोच.

मला इतकं वाईट वाटत होतं, की रागच येत होता. "तुमचं स्वतःचं चाक असतं तर तिसऱ्या आला असतात," मी म्हणालो. "ऐन वेळी बदलावं लागलं म्हणून..."

"न्हाय रे विनू. हवा बराबर व्हती. टायर कुटं सरकला न्हाय. ती तिगं माज्यापक्षा जोरात हायेत. उगा चाकाला कशाला नावं ठेवू?" हेल्मेट काढून त्यांनी त्या तिघांसाठी टाळ्या वाजवल्या. हवा चुकली असती तर सगळं तिच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. त्यांना ते नकोच होतं, आणि मला ते समजायला वेळ लागला.

गाडी त्यांनी ठरल्याप्रमाणे विकली. पुढे आई गेली आणि काही काळाने त्या स्वतःच आजारी पडल्या. मुंबईच्या इस्पितळात मी भेटायला गेलो तेव्हा बाहेर नातेवाईक बोलत होते: आधीच कळायला पाहिजे होतं, दुसऱ्या डॉक्टरांकडे न्यायला पाहिजे होतं. मीही आत जाऊन तेच सुरू केलं. त्यांनी हात वर केला. चेहरा लहान झाला होता, नजर तीच होती. "मी नर्स हाय. सगळे कागद बगितलेत. टायमाला धरलं, औषध बराबर दिलं. माज्या माघारी कुनाच्या नावानं बोटं मोडू नका." मग आप्पा कसे आहेत ते विचारलं आणि दमून डोळे मिटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. गावी पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांना श्रद्धांजली वाहायला, मंडळी जमली होती. जेवणं झाल्यावर त्यांचा एक चुलतभाऊ इस्पितळाला शिव्या घालू लागला. हलगर्जीपणा केला, म्हणाला, नाहीतर आमची नलू अशी गेली नसती. दोघं-तिघं माना डोलवू लागले. खरं सांगायचं तर मलाही मान डोलवायची होती. कुणीतरी गुन्हेगार सापडला असता तर बरंच वाटलं असतं. पण मी उभा राहिलो. "नाही," मी म्हणालो, "उपचार बरोबर झाले होते." एवढं बोललो आणि भर मांडवात मला रडू फुटलं.