ओठांकडं बघणारी नात

आमच्या शहापुरातल्या मागवाल्यांना ओठांवरचं बोलणं वाचता येतं. चार यंत्रमाग सुरू असले की शेजारच्याचाही आवाज पोचत न्हाय, म्हणून आम्ही नुसते ओठ हलवून बोलतो. शाळा माझी चौथीपर्यंत, पण ही विद्या पक्की.

पाच वर्षांची माझी नात या विद्येत आम्हा सगळ्यांच्या पुढं गेली. मागाजवळ सुताच्या रिकाम्या कांड्या वेचत बसायची. तोंड कायम उघडं, डोळे आमच्या ओठांवर. एकदा बोळाच्या पलीकडं खिडकीत दोन बायका कुजबुजत होत्या. पोरगी म्हणाली, "आज्जा, त्या आक्काला बाळ होणार हाय." त्या घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. बायका तिच्यासमोर तोंडावर पदर धरायला लागल्या. मी मात्र सांगत फिरायचो, विणकराचं रक्त हाय.

सून म्हणाली, "मामंजी, झोपेत तिचा श्वास अडकतोय. शाळेतली बाईबी म्हणती, कान दाखवा."

"आमच्या घरात बहिरं कुणी न्हाय."

"तुम्ही हाय की," ती पुटपुटली. मी ते तिच्या ओठांवर वाचलं आणि मागाकडं वळलो.

मग एका दुपारी करंट गेला. सगळे माग एकदम थांबले. पोरगी पाठमोरी बसली होती. मी साध्या आवाजात हाक मारली. तीनदा मारली. तिचे हात कांड्या वेचतच होते. भिंतीवर माझी सावली पडली तेव्हा ती वळली आणि माझ्या ओठांकडं बघत राहिली. माझे ओठ मिटलेले होते. ती वाट बघत होती. सख्ख्या नातीला मी त्या दिवशी भ्यालो.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, चला दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, नाकामागचं मांस वाढलंय, कानाच्या पडद्यामागं पाणी साठलंय, म्हणून ऐकू कमी येतंय. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. आम्ही तिचं कौतुक करत बसलो होतो.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी माग चालू असताना ती खोलीपाशी आली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून दारातच थांबली. मी नेहमीसारखं ओठ हलवून बोलावलं. ती काय म्हणाली ते मी वाचलं.

"आज्जा, आवाज काढून बोल. तुझं नुसतंच तोंड हलतंय. मला भ्या वाटतंय."

मी होता नव्हता तेवढा आवाज काढला. "ये की आत, मीच हाय."

ती आत आली न्हाय.