कोणत्याच कंपनीचं नसलेलं औषध

त्या वर्षी बोंडअळी परत आली आणि कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. फवारा मारायचा तर तो आपल्याच तोंडावर यायचा. माझा मावसभाऊ घाटंजीकडे मजुरीनं फवारणी करायचा. कोणतं औषध सगळ्यात वाईट, असं मी त्याला विचारलं तर हसला. "ताई, तू पत्रकं वाट. पंप माह्याच पाठीवर राहणार हाय."

आमच्या संघटनेच्या पत्रकासाठी मला एका कंपनीचं नाव हवं होतं. शत्रू एकच असला की मथळा मोठा येतो.

म्हणून घाटंजी, उमरखेड, झरी जामणी फिरले, फवारणीवाल्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. मैत्रिणीनं ते टाइप करून तिच्या प्रोग्रामला वाचायला दिलं. माणसं कोणत्या औषधाबद्दल काय म्हणतात ते वेचून प्रोग्राम शेजारीशेजारी मांडायचा: वास कसा, अळी मरते का, अंगाला काय होतं. एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या चार कंपन्यांची चार औषधं, म्हणून चार रकाने यायला हवे होते.

पाच आले.

"तुझा प्रोग्राम बिघडला काय गं?" मी मैत्रिणीला विचारलं.

"नाही. सगळे दोन नावं एका दमात घेतात. प्रोग्रामला ते वेगळंच औषध वाटलं."

एका औषधानं अळी मरेना म्हणून सगळेच दोन बाटल्या एका बादलीत ओतत होते. पाचवं औषध कोणी विकत नव्हतं. त्याची तपासणी कोणी केलेली नव्हती. कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर 'पिकाचा सोबती' ठळक, मिसळण्याबद्दलचा इशारा मुंगीएवढा. पहिल्या चार रकान्यांत उग्र वास, खाज, एवढंच. चक्कर, डोळ्यांपुढची अंधारी, सगळं पाचव्यात. आणि तिथंच एक वाक्य पुन्हापुन्हा होतं: 'धुऱ्यावर कोणीतरी उभं दिसते.' धुरा म्हणजे शेताचा बांध.

झरीचा माणूस उमरखेडच्या माणसाला ओळखत नव्हता. मी रेकॉर्डिंग परत ऐकलं. पावसापाण्याबद्दल बोलावं तसं दोघंही सहज बोलून गेले होते.

मावसभावाच्या बोलण्यात ते वाक्य नव्हतं. तेवढ्या धीरावर तो फवारत होता त्या शेतात मी सकाळीच गेले. दोन रिकाम्या बाटल्या बादलीजवळ पडलेल्या. तो पंप पाठीवर घेऊन पऱ्हाटीच्या ओळींतून बाहेर आला.

"काहून आली एवढ्या सकाळी?"

"दोन औषधं एकत्र नको करू."

"बरं, बरं." तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. "अन् तुह्यासंग आलेली बाई धुऱ्यावरच काहून थांबली? बोलाव ना तिले."

मी एकटी आले होते.

वळून पाहिलं. रिकामा धुरा. त्याच्या पाठीवरचा पंप ओढून काढला, भिजलेला सदरा उतरवला, दोन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या आणि त्याला रस्त्याकडे चालवलं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पण बोलणं चालूच होतं. "अवं, हळू चाल. ते मागं राह्यली ना."

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, कोणतं औषध होतं? मी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या.

तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पाणी मागितलं नाही. दाराकडे बघत विचारलं, "ताई, तिले आत नाही बोलावलं काय?"