पाऊण सरांची चूक

सर उंचीला बेताचे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं पाऊण सर. सरांना ते माहीत होतं. रागावणं दूरच, उलट नव्या वर्गात पहिल्याच दिवशी ते फळ्याशी ताठ उभे राहून विचारायचे, "मला पूर्ण करायला अजून किती लागेल रे?" "पाव!" वर्ग ओरडायचा. झाली अपूर्णांकांची सुरुवात!

त्यांची आणखी एक खोड होती. दर तासाला फळ्यावर एक चूक मुद्दाम करायची. ज्याला दिसेल त्याने "पकडलं!" म्हणून ओरडायचं आणि सरांच्या हातातला खडू बक्षीस न्यायचा. त्यामुळे एरवी डुलक्या काढणारी पोरंसुद्धा डोळ्यांत तेल घालून फळ्याकडे बघत बसायची. अपूर्णांकांचा भागाकार आला की सरांना भलताच चेव चढायचा. "ज्याने भागायचं तो उलटा करायचा आणि मग गुणायचं. उत्तर आलं की आधी फितीला विचारायचं, पटतंय का बाई तुला?" असं म्हणून खिशातून शिवणकामाची लाल फीत काढायची आणि तिचे तुकडे मोजून बघायचे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय ओढत का होईना, ते चालायला लागले. जीभही सुटली. पण डोक्यातले आकडे मेले जागेवर राहीनात! स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायको फीत पसरून बसायची. "अहो, ही साडेतीन मीटर आहे. पाऊण पाऊण मीटरचे तुकडे किती होतील?" सर कागदावर मांडायचे आणि उलटं कुणाला करायचं, तिथे येऊन हात अडायचा. कधी बरोबर, कधी भलतंच. "होईल हो," ती म्हणायची. "तुला काय कळतंय त्यातलं!" सर खेकसायचे.

शाळेच्या मोठ्या बाई मनाने चांगल्या, पण त्यांचाही नाइलाज होता. "सर, एक तास घ्या, मी मागे बसते," त्यांनी सांगितलं. "जमलं तर सहावी तुमची. नाही जमलं तर मला दुसरं कुणी बघावं लागेल." वर्ग गेला तर सरांकडे उरणार काय होतं? गोळ्या आणि खिडकी. दुसरं काही त्यांना आयुष्यात कधी आवडलंच नव्हतं.

गेल्या वर्षी पाचवीत त्यांनीच शिकवलेली ती पोरं. सर दारात दिसताच त्यांनी बाकं बडवली. सरांचा ऊर भरून आला. त्यांनी फळ्यावर साडेतीन भागिले पाऊण लिहिलं. साडेतीन म्हणजे सात अर्धे. वा, हात चालत होता! मग त्यांनी झरझर दोन सप्तमांश गुणिले तीन चतुर्थांश लिहून टाकलं आणि खाली उत्तर मांडलं, तीन छेद चौदा.

"पकडलं!" पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी ओरडली. तिच्या मागोमाग सगळा वर्ग उसळला. "सर, दुसरा उलटा करायचा, तुम्ही पहिलाच केला!" "फितीला विचारा, सर! एवढ्या लांब फितीतून एक तुकडासुद्धा निघत नाही होय?" हशा पिकला. मागे मोठ्या बाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

सरांनी फळ्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्यांना सगळं बरोबरच दिसत होतं.

चष्मेवालीने पुढे येऊन गणित सोडवलं. चार तुकडे, आणि पाचव्याचा दोन तृतीयांश भाग. सरांनी मान डोलावली. दुसरं करणार काय? घंटा झाली. "तुमची खोड काही गेली नाही हो, सर!" जाता जाता मोठ्या बाई म्हणाल्या. "मला उगाच धाकधूक होती. उद्यापासून या."

वर्ग रिकामा झाला, पण चष्मेवाली फळ्याशीच घुटमळत राहिली. सरांनी खडू पुढे केला. तिने हात मागे घेतला.

"का गं? तूच पकडलंस ना?"

"तुम्ही मुद्दाम चुकता तेव्हा हसू दाबता, सर. तुमची मिशी हलते. मी त्यावरूनच पकडते दर वेळी." तिने चष्मा काढून पुसला. "आज चूक दिसली आणि मी ओरडले, पण मिशी हललीच नाही. मी ओरडायला नको होतं, सर."

"वेडी आहेस का? चूक दिसली की ओरडायचंच असतं, बाळा." त्यांनी तिची मूठ उघडून खडू आत ठेवला आणि तिला घरी पिटाळलं.

मग पाय ओढत ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. बाई वेळापत्रकात सहावीच्या रकान्यात त्यांचं नाव घालत होत्या. "या, सर. बसा ना."

सर बसले नाहीत. "नाव घालू नका, बाई," ते म्हणाले. "ती चूक मुद्दाम नव्हती. आणि खरं सांगू? ती नेमकी कुठे होती, ते मला अजून कळलेलं नाही."