डायोडचा स्विच आणि आईच्या टाळ्या

परवा हेडफोनची तुटलेली वायर जोडताना सोल्डरचा तो गोडसर, घशाशी बसणारा धूर नाकात गेला आणि मी थेट पंचवीस वर्षांपूर्वीच्या, नाशिकच्या आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये जाऊन बसले.

वर्गातल्या समीरच्या गिटारच्या पेडलमध्ये, म्हणजे पायानं दाबून आवाज बदलायच्या डबीत, मी स्वतःच्या हातानं एक स्विच बसवला होता. आवाज कापून खरखरीत करणारे डायोड त्यात दोन प्रकारचे होते. स्विच वर केला की एक आवाज, खाली केला की दुसरा. मधे ठेवला तर दोन्ही डायोड सर्किटमधून सुटतात आणि न कापलेला आवाज एकदम अंगावर येतो, हे सांगायचं मात्र मी विसरले.

माझं कौतुक बघायला आई ठेवणीतली साडी नेसून सिन्नरहून जीपनं आली होती. समीर माइकवर म्हणाला, "हा स्विच आपल्या वैशालीनं बसवलाय!" आणि त्यानं तो नेमका मधे आणला. स्पीकर किंचाळला. लोकांनी कान झाकले, मग अख्खा हॉल हसत सुटला. मी मान खाली घातली. शेजारी आई एकटीच जोरजोरात टाळ्या वाजवत होती.

"आई, पुरे ना!" मी तिचे हात धरून खाली ओढले.

"का गं? तुझंच हाय ना ते?"

"म्हणूनच! लाज आणू नको."

स्विचची लाज आठवडाभरात विरली. आईचे हात खाली ओढल्याची अजून जात नाही. त्यानंतर दर गाण्याला हॉलभर टाळ्या पडायच्या, तेव्हा आई आधी माझ्याकडे बघायची, वाजवू का, असं विचारल्यासारखी.