खूण नसलेला फासा

त्या दिवसाचं काहीही आठवलं तरी माझी छाती अजून धडधडते, आणि ती धडधड भीतीची नसते.

आधी एक सांगते. मी अधिकारी नव्हते. माझे यजमान हवालदार होते. ते नोकरीत असताना वारले आणि त्यांच्या जागी मला वर्ग चारमध्ये घेतलं. चौथीपर्यंतचं शिक्षण त्या कामाला पुरत होतं. बदलापूरच्या बाजूच्या एका पोलीस स्टेशनात झाडलोट, पाणी, चहा, टपालावर शिक्के मारणं आणि जप्त केलेल्या वस्तूंच्या पाकिटांना लाख लावून सील करणं, ही माझी कामं. निवृत्त साहेबलोक आपल्या केसेस लिहितात, त्यात माझ्यासारख्या बाईला जागा नसते. पण ही केस मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली, म्हणून वहीत उतरवून ठेवते. नाव कोणाचंच लिहीत नाही.

सकाळी दहाच्या सुमारास ठाणे अंमलदारांच्या टेबलावरचा फोन वाजला. बारवी धरणाच्या रस्त्याला एका फार्महाऊसच्या मागे भेकर मारलं आहे, शिकारी पकडून ठेवला आहे, असा निरोप होता. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहान हरीण. आमची गाडी निघाली, पण गाडीच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ येऊन पोहोचला. हाफ पँट घातलेला एक वाळका माणूस मेलेल्या भेकराशेजारी उकिडवा बसलेला. भेकर गाभण होतं. ते पोट पाहून आमच्या महिला शिपाईनेसुद्धा फोन उलटा ठेवला.

आरोपीला आणेपर्यंत गेटवर दोन घोळके जमले. एका बाजूला नवीन बिल्डिंगांमधली माणसं, दुसऱ्या बाजूला आरोपीच्या आदिवासी वाडीवरची पोरं. पुढे उभ्या असलेल्या ट्रॅकसूटमधल्या बाई मोठ्याने म्हणाल्या, "याला सोडलंत तर आम्ही इथून हलणार नाही."

वाडीवरचा एक पोरगा म्हणाला, "ताई, उल्हासनगरच्या बाजारात पोपट पिंजऱ्यात घालून विकतात. तिकडं कधी बसलात का?"

"तो विषय वेगळा आहे."

"वेगळा कसा? पोपटाला काय लायसन असतं? रानातला कायदा फक्त आमच्या वाडीवर चढून येतो. रिसॉर्टचा चढ त्याला झेपत नाही वाटतं."

दारावरचा शिपाई माझ्या कानाशी म्हणाला, "मावशी, पोपटाचं जरा हळू बोलायला सांगा त्याला. आपल्या पोलीस लायनीत चार घरी पिंजरे आहेत."

खरं तर हा गुन्हा वनखात्याचा. वनपाल येऊन आरोपीला ताब्यात घेणार होते. पण लोकांनी त्याला आमच्या स्टेशनला आणला होता आणि बाहेर गर्दी होती, म्हणून सब-इन्स्पेक्टर साहेबांनी चौकशी सुरू केली. साहेब तरुण, सोलापूरकडचे. डोकं गरम, पण माणूस सरळ.

"फासे लावतोस का?"

"लावतो ना," तो म्हणाला. जेवलास का, असं विचारल्यावर सांगावं तसं.

"कशाचे?"

"तितराचं, लाव्याचं. कदीमदी सशाचं."

जबाब उतरवून घेणाऱ्या रायटरचं पेन भराभर चाललं. माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता आणि मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटत होता. वाडीवरच्या माणसाची हीच चूक होते. तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. शहरातला माणूस आधी विचारतो, का, काय झालं? वाडीवरचा विचारत नाही.

"मग हे भेकर?"

"ती मी नाय धरली. वरडत व्हती, म्हून सोडवाया गेलो. तवर मेली व्हती."

"मग फार्महाऊसच्या वॉचमनला का नाही सांगितलंस?"

"त्यालाच सांगाया गेलतो. त्यानंच मना धरला."

साहेब हसले. वॉचमनचा जबाब आधीच झाला होता. मालकाच्या जागेत शिरून हा फासा लावत होता, असं त्याने लिहून दिलं होतं. झोपडीच्या झडतीत दोऱ्याचे फासेही सापडले होते. केस पक्की दिसत होती.

बाहेर व्हरांड्यात त्याची बायको बसली होती. मी तिला पाणी दिलं. तिने पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत वनहक्काच्या दाव्याचे कागद होते. सासऱ्याच्या बापापासून ते ज्या उतारावर नाचणी पिकवतात, ती जमीन नावावर होण्याचा अर्ज. "बाय, सोमवारी मोठ्या साहेबाकडं निकाल हाय," ती म्हणाली. "याच्यावर केस पडली तं ह्ये कागूद कोण बघल? जमीन गेली तं आमी जायाचं कुठं?" रडली नाही. पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिली.

दुपारी मुद्देमाल सील करायला घेतला. दोन पंच खुर्च्यांवर बसले. टेबलावर खाकी कागद पसरून त्यावर भेकराच्या गळ्यातून काढलेला तारेचा फासा ठेवला. मोटरसायकलच्या क्लचची असते तशी पिळाची तार, तिला अजून केस चिकटलेले. सील लागलं की पाकीट कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडत नाही. मी मेणबत्ती लावली, लाखेची कांडी धरली आणि दुसऱ्या हाताने तार गुंडाळायला घेतली.

माझी बोटं आपोआप तारेच्या टोकाकडे गेली आणि काहीतरी शोधायला लागली.

इथे मला एक गोष्ट लिहायला हवी, जी स्टेशनात मी कोणालाच सांगितलेली नव्हती. माझं माहेर बारवीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतलं. माझा बाप फासे लावायचा. आमच्याकडे रान सगळ्यांचं, पण फासा ज्याचा त्याचा. म्हणून प्रत्येक घर आपल्या फाशाच्या टोकाला खूण बांधतं. कोणाची लाल चिंधी, कोणाचा केसांचा पीळ, कोणाची चोय, म्हणजे सालीची पातळ पट्टी. खूण नसेल तर त्यातलं जनावर जो आधी पोहोचेल त्याचं, आणि त्याला कोणी बोलायचं नाही. खूण न करता फासा लावणं म्हणजे स्वतःचं जेवण उंबऱ्यावर ठेवून झोपणं.

या तारेला खूण नव्हती. मी दोनदा चाचपलं. गुळगुळीत पितळी टोपणाशिवाय काहीच नव्हतं.

"मावशी, लाख सांडतेय," रायटर म्हणाले.

टेबलावर लाल ठिपके पडले होते. इतक्या वर्षांत साहेबांच्या खोलीत 'चहा आणू का' याच्या पलीकडे मी तोंड उघडलं नव्हतं.

"साहेब, हे सील करू नका."

"का?"

"हा त्याचा फासा नाही. याला खूण नाही." मग मी भराभर सगळं सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हाला कसं माहीत?"

"माझा बाप फासे लावायचा."

रायटरनी मान वर केली. साहेबांनी आरोपीला आत बोलावलं, मी खुणावू नये म्हणून मला भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं आणि त्याला विचारलं, "तुझा फासा तू ओळखतोस कसा?"

"लाल चिंधी असती," तो लगेच म्हणाला. "चुलत्याची निळी. पलीकडच्या घराची चिंधी नसती, ते चोय बांधतात."

झोपडीतून आणलेले दोऱ्याचे फासे उलगडले. प्रत्येकाच्या टोकाला लाल चिंधी होती.

"आणि तारेचे?"

"तार आमी नाय वापरत, साहेब. तारेनं जनावर कापून मरतं."

साहेब उठून खिडकीपाशी गेले. मग वळून मला म्हणाले, "मावशी, खूण न करता फासा कोण लावेल?"

"ज्याला खात्री आहे की तिथे दुसरं कोणी येणारच नाही, तो."

"म्हणजे कंपाउंडच्या आतला." त्यांनी टोपी उचलली. "गाडी काढा. मावशी, तुम्ही पण बसा."

पोलिसांच्या जीपमध्ये मी त्या दिवशी पहिल्यांदा बसले. रस्त्याला खड्डे होते, पण मला एकही जाणवला नाही. माझ्या मनात एकच होतं, की मी चुकले तर त्या माणसाची जमीन जाईल आणि माझं तोंड कायमचं बंद होईल.

फार्महाऊसला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण होतं. मागून ओढा वाहत होता. जनावर पाण्याला जाताना कुंपणाखालून कुठे शिरतं, ते मातीवरून दिसतं. गवत एका बाजूला पडलेलं असतं आणि कडेला केस अडकलेले असतात. मी चालत गेले आणि बोट दाखवत गेले. पहिल्या भोकाला तार नव्हती. मी पुढे सरकले. दुसऱ्या भोकाला होती. तिसऱ्याला होती. पुढच्याला पण होती. सगळ्या स्टेशनातल्या तारेच्याच मापाच्या, लोखंडी खांबाला आतल्या बाजूने बांधलेल्या, टोकाला मशीनने दाबलेलं पितळी टोपण. एकीलाही खूण नाही.

वॉचमन म्हणाला, "या भाजीच्या मांडवाला आणल्या होत्या."

"मांडव कुठे आहे?"

"अजून घातला नाही, साहेब."

आमचा हवालदार म्हणाला, "आधी भेकर आणि मग भोपळा का रे?"

तारा कुठून आणल्या, ते वॉचमनने सांगितलं. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये गाड्यांच्या केबल बनवणारं एक छोटं वर्कशॉप. तिथले सिंधी मालक निरोप मिळाल्यावर तासाभरात स्वतः स्कूटरवरून स्टेशनला आले. घाबरले होते, पण लपवत काही नव्हते. तारेचं टोक डोळ्याजवळ धरून म्हणाले, "साईं, ये टोपी तो मेरे ही प्रेस की है. सेठ का आदमी ले गया था, बोला भाजी का मंडवा लगाना है." मग माझ्याकडे वळून, "अम्मा, चाय फीकी देना. शुगर है, और आज तो बीपी भी बढ़ गया."

वॉचमनला सकाळी वाडीवरचा माणूस बसला होता त्याच बाकावर बसवलं. आता तो रडायला लागला. फार्महाऊसचे मालक रविवारी पाहुणे आणायचे आणि त्यांना रानातलं मटण लागायचं, असं म्हणाला. तोही गरीबच होता, कुठून तरी लांबून पोटासाठी आलेला. मला एकाएकी भीती वाटली, की माणूस बदलेल, पण बाकावर पुन्हा हातावर पोट असलेलाच बसेल आणि केस तिथेच संपेल.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर 'मालक' आलं.

पंच अजून खोलीतच होते. साहेबांनी खुणेनेच सांगितलं, उचल, स्पीकरवर टाक.

"अरे, गेले का पोलीस?" पलीकडून आवाज आला. "बाकीच्या तारा काढून विहिरीत टाक. आणि त्या वाडीवाल्याचं काय झालं? आत घेतला ना?"

साहेब फोनजवळ वाकले. "वाडीवाल्याचं झालं, शेठ. आता तुमचंच राहिलंय. या स्टेशनला, वाट बघतो."

फोन कट झाला. हवालदाराने तोंडावर रुमाल धरला. मी दरवाज्याआड जाऊन उभी राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

मग साहेबांनी वॉचमनला पाहुण्यांची नावं विचारली. त्याने काही सांगितली. त्यात दोन नावं आमच्याच खात्यातली होती. रायटरचं पेन थांबलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

"लिहा," साहेब म्हणाले.

रायटरनी लिहिलं.

संध्याकाळी वनपाल आले. मालकही आले, वकील घेऊन, आणि त्यांना त्याच बाकावर बसावं लागलं. गेटवरच्या ट्रॅकसूटमधल्या बाई अजून गेल्या नव्हत्या. मालकाला आत नेताना त्यांनी पाहिलं. नंतर वाडीवरचा माणूस बाहेर आला तेव्हा म्हणाल्या, "पण याचे दोऱ्याचे फासे? कायदा सगळ्यांना सारखा ना?"

बाईंचं चुकत नव्हतं. वनपालांनी दोऱ्याचे फासे ताब्यात घेतले आणि त्या माणसाला लेखी समज दिली. पुन्हा लावशील तर गुन्हा दाखल होईल, असं बजावलं. त्याने मान हलवली. माझ्या बापाला अशी समज कोणी दिली असती, तर बरं झालं असतं. आम्हाला कायदा कोणी सांगायलाच आलं नाही. आला तो एकदम पट्टा घेऊनच.

केस कोर्टात अजून चालू आहे. खात्यातल्या त्या दोघांची बदली झाली, पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. पोपट आजही विकले जातात. एका दिवसाने सगळं सरळ झालं, असं मी लिहिणार नाही.

पण मी एक शिकले. चुकीच्या माणसाला पकडायला पोलीस वाईट असावा लागत नाही. आरोपी गरीब असला, खरं बोलणारा असला आणि बाहेर गर्दी ओरडत असली, की तेवढं पुरतं. साहेब चांगले होते, तरी दुपारपर्यंत केस त्यांनी जवळजवळ बंद केली होती. कायदा सारखा लावायचा तर सगळ्यांना एकाच मापाने शिक्षा देऊन भागत नाही, शोधही एकाच मापाने घ्यावा लागतो. झोपडीची झडती सकाळीच झाली होती. फार्महाऊसची झाली ती दुपारनंतर, तीही एका झाडलोट करणाऱ्या बाईच्या हातून लाख सांडली म्हणून.

त्या संध्याकाळी साहेबांनी सोमवारच्या वनहक्काच्या सुनावणीसाठी पत्र तयार करायला सांगितलं. सदर इसमाचा भेकर मारण्याच्या गुन्ह्यात सहभाग आढळून आलेला नाही, असं रायटरनी लिहिलं. गोल शिक्का मी मारला. पहिला फिका उठला, म्हणून शाई लावून पुन्हा मारला.

तो माणूस बायकोबरोबर व्हरांड्यात उभा होता. मी पत्र हातात दिलं. त्याने ते उलटंसुलटं पाहिलं आणि मला परत दिलं. "बाय, काय लिवलंय ते वाच."

मी एकेक शब्द लावत वाचलं. माझं वाचन सावकाश आहे. ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते. संपलं तेव्हा बायकोने पत्र ठेवायला पिशवी उघडली, पण त्याने तिचा हात धरला.

"परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचलं, या वेळी मोठ्याने, आत ऐकू जाईल असं.