चहात बुडवलेलं बिस्कीट

कोळशाची खाण बंद पडली, तरी इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या त्या वस्तीत परसापरसांत पाळलेले फेरेट होतेच. खाणकामगार एमस रेस्ट्रिकची नेटल त्यांतलीच एक. मुंगसासारखी लांबट, बिळात शिरून ससे बाहेर हुसकावणारी. शिकार झाली की एमस तिला सशाच्या काळजाचा नखाएवढा तुकडा बोटावर धरून द्यायचा. एरवी लाड नाहीत.

छातीत कोळशाची धूळ घेऊन एमस गेला. संध्याकाळ झाली की नेटल पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून त्याची वाट बघायची. त्याच्या बायकोला, एफीला, ते बघवेना. ती आपल्या चहात गोड बिस्कीट बुडवून बशीतून भरवायची, की नेटल शांत व्हायची. मग दुपारीही बशी जाऊ लागली, सकाळीही.

थंडीत नेटलचे मागचे पाय लुळे पडले, तोंडातून लाळ गळू लागली. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "गोड बाधलंय. आता फार दिवस नाहीत."

शेजारचा सेथ मारलेला ससा घेऊन आला. "मांसावर जगणारं जनावर ते, एफी. पाहुणी आल्यासारखं चहा-बिस्कीट काय देत बसलीस?"

"ती त्याला शोधायची रे."

"ती एकटीच?"

 एफीने सशाच्या काळजाचा नखाएवढा तुकडा कापला आणि एमससारखाच बोटावर धरला. नेटलने तो हुंगला, तोंड फिरवलं आणि रिकाम्या बशीकडे बघत पडून राहिली.